बोर्गेसे ‘जहाल’ की ‘अतिरेकी’?

प्रश्न असा : इटलीच्या नौदलातला जुनिओ वलेरिओ बोर्गेसे युद्धानंतर राजकारणात उतरला. मराठीत त्याला ‘जहाल नेता’ म्हणावं की ‘अतिरेकी’?

मी तरी दोन्ही टाळीन. ‘जहाल’ हा तिखटाला आणि विषाला लागणारा शब्द. पण १९०७ साली सुरतेत काँग्रेस फुटली आणि जहाल-मवाळ ही जोडी रूढ झाली. आता ‘जहाल’ म्हटलं की मराठी माणसाला टिळकांची पगडी दिसते. ती बोर्गेसेच्या डोक्यावर कशाला? ‘अतिरेकी’चा मूळ अर्थ अतिरेक करणारा एवढाच, पण पंजाबच्या बातम्यांपासून तो शब्द बंदूकधाऱ्याला जो चिकटला तो कायमचा.

डिसेंबर १९४१ मध्ये हा माणूस ‘शिरे’ पाणबुडीचा कप्तान होता. अलेक्झांड्रियाजवळ त्याने सहा जणांना पाण्यात सोडलं, दोघादोघांनी एकेका पाणतीरावर (टॉर्पेडोवर) स्वार होऊन जायचं. या वाहनाला इटालियन खलाशी ‘डुक्कर’ म्हणत! त्यांनी लावलेल्या सुरुंगांनी ब्रिटिशांच्या ‘क्वीन एलिझाबेथ’ आणि ‘व्हॅलियंट’ या युद्धनौका बंदरातच तळाला टेकल्या. इथवर त्याला ‘धाडसी’ म्हणायला माझी हरकत नाही. १९४३ मध्ये इटलीने शस्त्रं खाली ठेवली, तेव्हा तो जर्मनांच्या बाजूने राहिला आणि त्याचं दल आपल्याच देशातल्या प्रतिकारकांवर उलटलं. १९४९ साली बारा वर्षांची शिक्षा झाली, पण सवलती मिळून तो लगेच सुटलाही. पुढे नवफॅसिस्ट पक्षाचा मानद अध्यक्ष झाला. तो पक्षही त्याला मवाळ वाटला, म्हणून १९६८ मध्ये त्याने स्वतःची आघाडी काढली. या एका वाक्यात मात्र ‘पक्षातल्या जहालांपैकी’ हे चपखल बसेल, कारण समोर मवाळ आहेत. एरवी सरळ ‘नवफॅसिस्ट’ लिहावं. जहालपणातून स्वभाव कळतो, विचारसरणी कळत नाही.

७ डिसेंबर १९७० च्या रात्री बोर्गेसेने सत्ता बळकावण्याचा घाट घातला, त्याला ‘सत्तापालट’ही म्हणू नका. ऐनवेळी माघारीचा हुकूम आला, पालटलं काहीच नाही. ‘उठावा’त लोक उठावे लागतात. ‘फसलेला कट’ पुरे. इटालियन लोक याला ‘गोल्पे’ म्हणतात, म्हणजे तडाखा. हा शब्द त्यांनी स्पॅनिशमधून उसना घेतला, आणि बोर्गेसेही पळून स्पेनलाच गेला. १९७४ मध्ये काडिझला वारला.

आणि हो, ‘बोर्घेसे’ नको. इटालियनमध्ये ‘घ’ नाही.