मन लागत नाही की पाया कच्चा आहे?

तुमची मुलगी आठवीत आहे, चौथीपर्यंत मराठीतून शिकली, आता विज्ञानाचं पुस्तक उघडायलाच तयार नाही, आणि चांगले गुण मिळवलेस तर सायकल देईन म्हटलं तरी हलली नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी गोव्यात, पेडण्यात बरीच वर्षं विज्ञान शिकवतेय. मला तरी हा आळस वाटत नाही.

सायकलीचा विषय तूर्त सोडून द्या. १९७१ साली मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली होती. ज्यांना त्याचे पैसे मिळाले, त्यांची पैसे थांबल्यावर कोड्यांमधली गोडी कमी झाली. आणि ज्याला धडाच कळत नाही, त्याला बक्षिसाचा काय उपयोग?

आपल्याकडे मराठी-कोकणीतून शिकलेली मुलं पाचवीत एकदम इंग्रजीत जातात. 'डेन्सिटी'ची व्याख्या पाठ होते, पण घनता डोक्यात उतरत नाही. त्यात भागाकार डळमळीत असेल, तर वस्तुमान भागिले आकारमान म्हणजे नुसती अक्षरं. शिकणाऱ्याला आधीपासून काय येतं, तेच सगळ्यात महत्त्वाचं, असं शिक्षण-मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६८ मध्ये मांडलं. वर्गात मला ते रोज पटतं.

मिठागरावर काम करणाऱ्या घरातली एक मुलगी माझ्या वर्गात कधी तोंड उघडत नसे. एकदा मी मराठीतच विचारलं, "खाडीचं पाणी आणि आगरातलं पाणी सारखंच असतं का गो?" ती लगेच म्हणाली, "नाय बाई, आगरातलं जड असतं." मग अंडं, पाणी, मीठ आणि तराजू तिच्याच हातात दिला. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. तेवढं मीठ घातलं तरी अंडं तळाशीच. शंभर ग्रॅमच्याही बरंच पुढे गेल्यावर ते वर आलं. भागाकार तिने स्वतःहून मागून घेतला, कारण आता तिला तो हवा होता. 'डेन्सिटी' हा शब्द मी शेवटी सांगितला.

तुम्ही आज एवढंच करा. तिच्या शेजारी बसून पुस्तकातला एक परिच्छेद तिला मराठीत सांगायला लावा, चूक काढू नका. भाषेत अडली तर शब्द सोडवा. गणितात अडली तर सहावीचं पुस्तक काढा, आणि त्यात कमीपणा नाही हे तिला आधीच सांगा. पंधरा दिवसांनी ती नेमकी कुठे अडतेय ते कळवा, मग पुढचं बघू.