स्कॉटलंडच्या जंगलात कातळाच्या कपारीखाली गंधकासारखी पिवळी भुकटी दिसली, हे कोणतं शैवाक (लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची एकत्र वाढ)?

वर्णनावरून क्रायसोथ्रिक्स क्लोरिना वाटतं. जागा हीच मोठी खूण: सावलीतला, पुढे झुकलेला आम्लधर्मी कातळ, जिथे पाऊस थेट पोचत नाही. या भुकटीवर पाणी पडलं तर घरंगळून जातं. तिला ओलावा मिळतो तो दमट हवेतून. म्हणूनच भोवतालची झाडं तुटली की ऊन-वारा आत शिरतो आणि कपार सुकते, याची मला फार काळजी वाटते.

घोटाळा होतो सायलोलेकिया ल्युसिडा या दुसऱ्या शैवाकाशी. तो थर पातळ, हिरवट पिवळा असतो आणि त्यावर बऱ्याचदा बारीक पिवळे ठिपके, म्हणजे फळकाया (बीजाणू तयार करणारे भाग), दिसतात. क्लोरिनाचा थर जाड, भडक पिवळा. भिंग लावून जवळून फोटो काढा, एक पूर्ण कपारीचाही. खरवडू मात्र नका.