आइस हॉकीचा एक हंगाम आणि डायरीतल्या दांड्या

आपली तेरा वर्षांची मुलगी साताऱ्यात तीन वर्षे इनलाइन स्केटिंग, म्हणजे एका रांगेतल्या चाकांवरचे स्केटिंग, करते, तिला आइस हॉकीच्या कनिष्ठ संघासाठी विचारणा झाली आहे, तर तो हंगाम कसा असतो आणि शाळा बुडवून पाठवण्याइतके त्यात काही आहे का, असे आपण विचारले आहे. पाठवा. शाळा तीन आठवडे बुडते आणि नंतर भरून निघते. त्याविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे माझ्याकडे काही नाही. हंगामाविषयी मात्र आहे, कारण माझी मुलगी नववीत असताना अशाच एका संघाची गोलरक्षक होती आणि त्या हंगामाचा हिशेब आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

हा हंगाम कागदावर सहा महिन्यांचा असला तरी त्यातले बर्फावरचे दिवस आमच्या वाट्याला जेमतेम बारा आले. जुलैमध्ये निवड झाली तेव्हा इथले स्केटिंगचे सिमेंटचे मैदान, म्हणजे रिंक, शेवाळाने हिरवे झाले होते, म्हणून चातुर्मासात मुहूर्ताअभावी रिकामे पडलेले एक मंगल कार्यालय आम्ही काही पालकांनी तासाच्या भाड्याने घेतले आणि नवरा-नवरीच्या खुर्च्या बाजूला सारून व्यासपीठासमोर गोलची जाळी लावली. दर रविवारी पहाटेच्या एसटीने पुण्याला जाऊन बाकीच्या मुलींबरोबर एकत्र सराव करायचा, हा क्रम डिसेंबरपर्यंत चालला. विमानाचे भाडे, गरम कपडे आणि गोलरक्षकाचे जुने साहित्य मिळून आम्हाला पंच्याण्णव हजारांच्या आसपास खर्च आला.

बर्फ कुठे मिळतो, हा या खेळातला आपल्याकडचा खरा प्रश्न आहे. शिमल्याचे उघडे रिंक १९२० पासून थंडीच्या भरवशावर चालते; डेहराडूनचे बंदिस्त रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधले गेले, पुढे बरीच वर्षे बंद राहिले आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाले. आमच्या वेळी ते बंदच असल्यामुळे आम्ही लेहला गेलो. तिथला नैसर्गिक बर्फ डिसेंबरअखेरीपासून फार तर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत टिकतो आणि गाव साडेतीन हजार मीटर उंचीवर असल्याने पहिले दोन दिवस प्रशिक्षकांनी मुलींना स्केट्सना हातही लावू दिला नाही. तिथल्या मुलींना देण्यासाठी नेलेले कंदी पेढे तिसऱ्या दिवशी उघडले, तेव्हा ते शेगडीजवळ ठेवल्याशिवाय दाताने फुटेनात.

चाकांवर शिकलेल्या मुलीला बर्फावर वेग चटकन जमतो, थांबणे जमत नाही, आणि गोलरक्षकाची अडचण त्याहून वेगळी असते. सिमेंटवर चाके आडवी सरकत नाहीत, त्यामुळे माझ्या मुलीला गोलरेषेला चिकटून उभे राहायची सवय होती. बर्फावर तिने सवयीने पाय रेटला की ती खांबाच्याही पलीकडे घसरत जाई. पहिला सामना अशा अवस्थेत झाला. समोरच्या स्थानिक मुली चालायला लागल्यापासून बर्फावर वाढलेल्या होत्या आणि आम्ही ०–११ असे हरलो.

मी एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे. आकडा दिसला की त्याच्या मागचा आकडा शोधायचा, ही कामाची खोड असल्यामुळे संस्थेच्या नववर्षाच्या डायरीत मी गोलच्या दिशेने आलेल्या प्रत्येक फटक्याची दांडी मारत होते, चार उभ्या आणि पाचवी आडवी. बॉलपेनची शाई थंडीने गोठली, तेव्हा चष्म्याच्या डबीतली पेन्सिल काढली. पहिल्या सामन्यात ५२ फटके आले आणि तिने ४१ अडवले. दुसरा सामना आम्ही ०–७ हरलो. त्यात ४३ पैकी ३६ अडवले. तिसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी प्रशिक्षकांनी तिला रेषेपासून दोन हात पुढे उभे केले आणि पक, म्हणजे या खेळातली चेंडूऐवजी वापरायची चकती, हातात घेऊन दाखवले की, ती मागे असली तर फटका मारणाऱ्या मुलीला जाळीचे दोन्ही कोपरे दिसतात आणि पुढे आली की तेच कोपरे तिच्या पॅडमागे झाकले जातात. तो सामनाही आम्ही हरलो, पण १–४ असा, आणि ४७ पैकी ४३ फटके तिने परतवले. शेवटच्या सत्रात एक मुलगी एकटीच तिच्यावर चालून आली, तेव्हा ही जागेवर थांबली नाही, पुढे सरकली, गुडघे टेकले आणि १७० ग्रॅमची ती घट्ट रबराची चकती छातीवर घेऊन तिच्यावर पालथी पडली. माझी दांडी त्या वेळी वाकडी उमटली आहे.

आम्ही साताऱ्यात परतलो, तर पोवई नाक्यावर उतरण्याआधीच थोरल्या दिरांचा फोन आला, “अकरा खाल्ले म्हणे?” ते तरुणपणी गावच्या कबड्डी संघात होते. त्यानंतर प्रत्येक लग्नात आणि बारशाला तिची ओळख ‘आमची अकरा गोलवाली’ अशी होऊ लागली. मी डायरी पुढे केली, तर म्हणाले, “वहिनी, दांड्या मारून सामना जिंकता येत नाही.” जिंकता येत नाही, हे मलाही कळते. परंतु गोलरक्षकाला गोलांवरून मोजणे म्हणजे बुडालेल्या कर्जांवरून पतसंस्था मोजणे. एकूण वाटप किती होते, हे आधी विचारायला नको का? मोठ्या व्यावसायिक लीगमध्येही शंभर फटक्यांमागे नव्वदच्या आसपास अडवणारा गोलरक्षक संघात टिकतो. भारताचा महिला संघ २०१६ मध्ये तैपेईला प्रथम आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, पहिला विजय २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपीन्सविरुद्ध मिळाला आणि आशिया चषकाचे कांस्यपदक २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला आले. पहिल्या वर्षीच कोणी त्यांना खाल्लेल्या गोलांच्या नावाने हाका मारत बसले असते, तर बँकॉकपर्यंत कोण गेले असते? भाऊजींचा स्वतःचा संघ तालुक्याच्या पलीकडे कधी गेला नाही, हे मी आजवर त्यांना तोंडावर बोलले नाही. इथे लिहिते आहे.

तेव्हा मुलीला पाठवाच, मात्र घरातल्या मंडळींना निकाल कळवताना सोबत फटक्यांची संख्याही कळवा. ती नियमाने मोजायला दुसऱ्या कोणाला सांगितलेत तर अधिक बरे, कारण जाळीबाहेर जाणारे दोन-चार फटके माझ्यातल्या आईने अडवलेल्यांत धरले नसतील, अशी हमी मी देऊ शकत नाही. तिसरा संघ पहिल्याइतका तगडा नव्हता, हेही मान्य करायला हवे. मुलीला दम्याचा त्रास असेल, तर लेहच्या उंचीविषयी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकिटे काढू नका; हे खरे तर आधी लिहायला हवे होते.

आपली मुलगी गोलरक्षक होणार असेल, तर आमचे पायाचे पॅड आणि छातीचे कवच माळ्यावर पडून आहे. माझ्या मुलीला ते आता आखूड होते. साताऱ्यातच असाल, तर येऊन घेऊन जा, पैसे नकोत. डायरी मात्र मागू नका, दिवाळीला थोरले दीर येणार आहेत.