ब्रिटनमध्ये टक्कल पडलेल्याला काय म्हणून चिडवतात?

आपल्या ‘टकल्या’ला सर्वात जवळचा शब्द म्हणजे ‘बाल्डी’. पण खास ब्रिटिश म्हणावा असा ‘स्लॅपहेड’. स्लॅप म्हणजे चापट, म्हणजे बघताक्षणी टपली मारायचा मोह व्हावा असं डोकं! पबमध्ये जुने मित्र एकमेकांना हे सर्रास म्हणतात. अनोळखी माणसाला म्हणालात तर मात्र भांडण ओढवून घ्याल. ‘एगहेड’ इथे चालत नाही, त्याचा अर्थ पुस्तकी विद्वान असा होतो.

मला सगळ्यात आवडतो तो जुना वाक्प्रचार: ‘कूटसारखा टकला’. कूट हा काळा पाणपक्षी, चोचीच्या वर कपाळावर पांढराशुभ्र पट्टा. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर थव्याने दिसतो तो आपला वारकरी किंवा चांदवा, तोच हा. म्हणजे त्याला टक्कल नाहीच, कपाळी गंध लावल्यासारखं दिसतं इतकंच. जुन्या इंग्रजीत ‘बाल्ड’चा एक अर्थ पांढरा ठिपका असलेला असाही होता.

विग घातला तरी सुटका नाही. लंडनच्या कॉकनी यमक-बोलीत विगला ‘सिरप’ म्हणतात. ‘सिरप ऑफ फिग्ज’ हे अंजिराचं जुनं रेचक. फिगचं यमक विगशी, मग यमकाचा शब्दच गाळून टाकायचा.

ऑफिसात मात्र जपून. 2022 मध्ये शेफील्डच्या रोजगार न्यायाधिकरणाने एका कामगाराला शिवी देताना टकला म्हणणं हा लिंगाधारित छळ ठरवला, कारण टक्कल पुरुषांनाच जास्त पडतं. निकाल देणारे तिघेही पुरुष होते आणि केस गळण्याचा अनुभव आपल्यालाही असल्याचं त्यांनी निकालात नमूद केलं होतं!