एवढं शिकून पिंजरेच झाडायचे का?

ताई, पत्र वाचलं. मुलगी सायन्सला, मार्क चांगले, आणि तिला झूमध्ये टॅमरिन, मार्मोसेट असल्या छोट्या दुर्मिळ माकडांचं काम करायचंय, तर तुम्ही विचारताय की एवढं शिकून पिंजरेच झाडायचे का. झाडावे लागतात हो, रोज, पण ते करतानाच शी कशी आहे, काल कुठलं फळ कोणी टाकलं, कोण एकटं बसलंय हे कीपरला दिसतं आणि खरं काम तेच आहे. जेमतेम ६०० ग्रॅमचं जनावर, त्याचं वजन ५० ग्रॅमनी उतरलं तर गोष्ट गंभीर असते, म्हणून त्यांना आपणहून वजनकाट्यावर येऊन बसायची सवय लावतात, पकडापकडी नको. आणि आपल्या ओठावर तापाचा फोड आला असेल तर त्या दिवशी तिकडे फिरकायचंच नाही, तो फोड ज्याने येतो तो आपल्याला किरकोळ वाटणारा व्हायरस मार्मोसेटचा जीव घेऊ शकतो!

टॅमरिनना बहुतेक वेळा जुळी होतात, आणि बाप नि मोठी भावंडं पिल्लांना पाठीवर घेऊन फिरतात. भावंडांना लवकर वेगळं काढलं तर ती पिल्लं सांभाळायला शिकतच नाहीत, पुढे स्वतःची झाली की गोंधळ होतो, त्यामुळे कुटुंब कधी फोडायचं हा निर्णय फार जपून घ्यावा लागतो.

याचा उपयोग काय म्हणाल तर ब्राझीलचा गोल्डन लायन टॅमरिन बघा. १९७० च्या दशकात जंगलात काहीशेच उरले होते. १९८४ पासून झूमध्ये जन्मलेले तिथल्या जंगलात सोडायला लागले, पण त्यांना हलत्या फांदीवर धड चालता येईना, खाणं शोधता येईना, म्हणून माणसं मागे राहून त्यांना खायला देत होती. जंगलात जन्मलेली त्यांची पिल्लं मात्र छान रुळली, आणि २००३ मध्ये ही जात धोक्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवरून एक पायरी खाली आली.

पगार बेताचा असतो, सणवार-रविवार ड्युटी असते, आणि जीव लावलेलं जनावर दगावतं तेव्हा फार त्रास होतो, हे तिला आत्ताच सांगा. झूऑलॉजी किंवा व्हेटर्नरी घेऊ दे, दोन्ही चालतं, व्हेटर्नरीला नोकरीचे पर्याय जास्त. पण अ‍ॅडमिशनच्या आधी काही महिने झूमध्ये किंवा प्राण्यांच्या रेस्क्यू सेंटरमध्ये व्हॉलंटिअर म्हणून पाठवाच, आणि एकाच प्राण्याची रोज नोंद ठेवायला सांगा. दुसऱ्या महिन्यातही ती वही मन लावून भरत असेल तर बिनधास्त हो म्हणा.