आजोबांचं युद्ध मला माजी सैनिकांच्या खोलीत कळलं

तुमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते, घरात कुणालाच धड काही माहीत नाही, मग शोध कुठून सुरू करायचा, असं तुम्ही विचारलंय. आमच्याकडेही अगदी हेच झालं होतं.

माझे आजोबा मराठा रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत होते. 1946 साली पलटण सुटली आणि घरी आले. युद्धाबद्दल अवाक्षर नाही. ट्रंकेत तेवढं सहा टोकांच्या ताऱ्याचं एक पदक होतं, त्याची फीत लाल, पांढरी, हिरवी, पुन्हा पांढरी, लाल. हे इटलीच्या झेंड्याचे रंग, म्हणजे आजोबा इटलीत लढले होते, हे मला तिशीत कळलं.

ते गेल्यावर आजीच्या अर्जासाठी मी तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेत गेले. एकच खोली, पत्र्याच्या खुर्च्या, भिंतीवर दिवंगत सभासदांचे फोटो. त्यात आजोबा आधीच होते. 71 ची लढाई लढलेले एक सुभेदार म्हणाले, "बस पोरी. म्हाताऱ्यानं सेनिओ नदीचं कधी सांगितलं का तुला?"

घरी नव्हतं सांगितलं, तिथे सांगितलं होतं. 9 एप्रिल 1945, इटलीतली सेनिओ नदी. खोल पाणी, काठावर सुरुंग, समोरून मशीनगनचा मारा. त्याच दिवशी शिपाई नामदेव जाधवांनी दोन जखमींना एकेक करून पाण्यातून आणि सुरुंगांतून सुखरूप मागे आणलं, मग एकट्याने तीन मशीनगन बंद पाडल्या. हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकून हातबॉम्ब फेकले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालं. जाधवांनी काठावर चढून दिलेली गर्जना आपण ऐकली, एवढं बोलून आजोबा गप्प व्हायचे म्हणे.

तर आधी डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून सुटताना मिळालेली पुस्तिका शोधा. त्यात नंबर, हुद्दा, पलटण असते. नंबर मिळाला की रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाका, मराठा असतील तर बेळगावला. कुणी परतलंच नसेल, तर युद्धात पडलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत नाव बघा. इटलीतच पडलेल्या नाईक यशवंत घाडगे यांचं नाव कसिनोच्या स्मारकावर आहे.

संघटनेत मात्र स्वतः जा, आजोबांचा फोटो घेऊन. आणि लवकर जा. आमचे सुभेदार आता नाहीत. त्यांनी सांगितलेलं मी त्याच रात्री वहीत उतरवलं होतं, म्हणून आज तुम्हाला सांगता आलं.