मार्क्सवाद-लेनिनवाद वाचतोय, पण निवडणुका आणि बहुपक्षीय लोकशाही सोडवत नाही. मग मी नक्की कोण?

सध्या वाचक. लेबल लावायची घाई कशाला?

मीही विशीत चार पुस्तिका वाचून मित्रांना 'बूर्झ्वा' (भांडवलदारी वृत्तीचे) म्हणत फिरायचो. आता आठवलं की कानकोंडं होतं.

एक लक्षात घ्या, 'मार्क्सवाद-लेनिनवाद' हे नाव ना मार्क्सने दिलं ना लेनिनने. १९२४ मध्ये लेनिन गेल्यावर स्टालिनच्या काळात ती सोव्हिएत संघाची, म्हणजे एकाच पक्षाच्या राजवटीची, अधिकृत विचारसरणी ठरली. त्यामुळे मार्क्सचं वरकड मूल्याचं (मजुरीपेक्षा जास्तीचं जे मूल्य कामगार निर्माण करतो आणि मालक घेतो, त्याचं) विश्लेषण पटलं म्हणजे एकपक्षीय सत्ताही पटलीच पाहिजे, असं काही नाही. लेनिनचं 'राज्य आणि क्रांती' हे पुस्तक जरूर वाचा, पण जानेवारी १९१८ मध्ये बोल्शेविकांनी, म्हणजे लेनिनच्या पक्षाने, रशियाची निवडून आलेली संविधान सभा का बरखास्त केली, तेही सोबत वाचा. त्यावर जर्मनीतली मार्क्सवादी क्रांतिकारक रोझा लक्झेंबर्गने केलेली टीका तर डावीकडूनच आलेली आहे.

आणि आपल्याकडचा अनुभव सोडू नका. १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपात आंबेडकरांनी विचारलं होतं, की विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना का घेत नाहीत? तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे, म्हणून सवर्ण कामगारांना विटाळ वाटायचा! कामगारवर्ग एक आहे असं मानणाऱ्या सिद्धांताला हा प्रश्न जड गेला. तरीही संपांवर बंधनं आणणाऱ्या १९३८ च्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध आंबेडकर आणि कम्युनिस्ट एकत्र संपात उतरले. पुढे मार्क्सवादी विचारवंत शरद पाटलांनी मार्क्ससोबत फुले-आंबेडकर जोडले, ते याच अडचणीतून.

अभ्यासमंडळात जात असाल तर हे प्रश्न तिथे मोकळेपणाने विचारा. विचारल्यावर कोणी डोळे वटारले, तर मंडळ बदला.